खांबाचा नंबर लिहून ठेवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की आपल्या शहराच्या पानावर ब्लँकेटवाटपाचे फोटो येऊ लागतात. वाटणारे सात-आठ जण रांगेत उभे असतात आणि घेणारा झोपेतून उठवल्यासारखा दिसतो, कारण त्याला खरेच झोपेतून उठवलेले असते. वाटणाऱ्यांच्या मनाविषयी शंका नाही आणि थंडीही खोटी नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता. आमचे म्हणणे दुसऱ्या रात्रीविषयी आहे. ज्याला ब्लँकेट दिले तो दुसऱ्या रात्री कुठे झोपला, हे देणाऱ्याला सांगता येत नसेल तर त्या मदतीचा हिशेब तिथेच बुडाला. बेघरांमधले काम हे मुख्यतः परत जाण्याचे काम आहे. परत कसे जायचे आणि गेल्यावर काय करायचे, याचा तपशील कुणी छापत नाही, म्हणून हे लांबलेले पत्र.

आधी ब्लँकेटच घेऊ. फूटपाथवर थंडी वरून जितकी लागते त्याहून जास्त खालून लागते. सिमेंटचे गट्टू आणि दुकानासमोरची फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढत राहतात. अंगावर दोन पांघरुणे आणि पाठीखाली काहीच नाही, ही सर्वांत वाईट मांडणी. एकच ब्लँकेट असेल तर खाली फ्रिज-कूलरच्या खोक्याचा जाड पुठ्ठा दोन थरांत, त्यावर चुंगडी (पोते), मग माणूस आणि वर ब्लँकेट. पुठ्ठा नसेल तर आपल्या दैनिकाचे पाच-सहा अंक एकावर एक पसरले तरी फरक पडतो. जुना फ्लेक्स पुठ्ठ्याच्या खाली घालायचा, जमिनीची ओल वर येऊ नये म्हणून. तो अंगाभोवती गुंडाळायचा नाही. गुंडाळला की श्वासाची वाफ आत साचते, पहाटेपर्यंत पांघरूण ओले होते, आणि ओले पांघरूण नसल्यापेक्षा वाईट. कानटोपी आणि लोकरी मोजे ब्लँकेटपेक्षा स्वस्त पडतात आणि जास्त टिकतात, कारण ते अंगावर असतात. सकाळी सोडून जावे लागत नाहीत.

ब्लँकेटची खरी अडचण सकाळी सुरू होते. साडेपाचला झाडू येतो, नंतर शटर उघडणारा दुकानदार, कधी अतिक्रमणाची गाडी. दवाने जड झालेले ब्लँकेट खांद्यावर टाकून माणूस ठिय्यावर मजुरीला उभा राहू शकत नाही. ठेवायला जागा नाही म्हणून ते झाडाच्या बुंध्याशी राहते आणि संध्याकाळपर्यंत जाते, किंवा तो ते विकतो. मग 'विकून दारू प्याला' हे वाक्य सगळ्यांना पाठ असते. उपाय अगदी साधा आहे. तोंडाला दोरी ओवलेली एक चुंगडी, त्यावर ऑइल पेंटने खूण, आणि जवळच्या पानठेल्याच्या किंवा चहावाल्याच्या मागच्या खिळ्यावर ती दिवसभर टांगायची परवानगी. ही परवानगी बेघर माणसाने मागितली तर मिळत नाही. चार लोकांनी चहा पीत मागितली तर सहसा मिळते. शंभर ब्लँकेटे वाटणाऱ्या मंडळाने चाळीसच वाटावीत आणि उरलेल्या पैशात चाळीस चुंगड्या, चाळीस टोप्या आणि चाळीस जोड मोजे घ्यावेत.

आता जाण्याची वेळ. रात्री साडेदहाच्या आधी गेलात तर बेघर कोण आणि गाडीची वाट पाहणारा कोण, हे कळत नाही. साडेदहा ते साडेबारा ही पहिली फेरी. दुसरी पहाटे साडेचार ते साडेपाच, झाडू येण्याआधी. लग्नसराईत वाढप्याचे काम करणारे रात्री एकनंतर परततात आणि कॉटन मार्केट, कळमन्याकडे हमालीला जाणारे पहाटेच निघतात. एकाच फेरीत गेलात तर यातला एक गट कायमचा सुटतो. त्यामुळेच बेघर म्हणजे काम न करणारा, असा समज पक्का होतो. काम करणारे कामावर गेलेले असतात, आपण उरलेल्यांना पाहून येतो.

दोघे किंवा तिघे जावे, त्यात एक बाई असावीच. सात जण गेले की ती धाड वाटते. जीप नको, पिवळा-लाल दिवा असलेले काहीही नको. टॉर्च तोंडावर मारायचा नाही, जमिनीवर धरायचा. माणूस झोपलेला असेल तर डोक्याच्या बाजूने जायचे नाही आणि हात लावून हलवायचे नाही. पायांच्या बाजूने, चार-पाच फुटांवर उकिडवे बसून हलक्या आवाजात 'काका' किंवा 'मावशी' म्हणायचे. उठला नाही तर छातीचा भाता हलतो का एवढे पाहून पुढे जायचे. झोप ही त्याच्याकडची सर्वांत महागडी वस्तू असते. फूटपाथवर सलग तीन तास झोप मिळत नाही, आणि दिवसा बाकावर पेंगणाऱ्याला आपण आळशी म्हणतो.

पहिल्या भेटीत नाव, गाव, जात, घर का सोडले, यातले काहीही विचारू नये. आपले नाव सांगावे, पुन्हा कोणत्या वारी येणार ते सांगावे आणि त्या वारी यावे. मंगळवार सांगून बुधवारी गेलात तर पुन्हा शून्यापासून सुरुवात. साधारण तिसऱ्या-चौथ्या भेटीत माणूस स्वतःहून एखादी मागणी करतो, आणि ती बहुधा चप्पल, नखे कापायची कटर किंवा दाढी यांपैकी असते. कामाचा धागा तिथून हाती येतो. फोटो कोणत्याही भेटीत नको. घरच्यांपासून लपलेली बाई, कर्जातून पळालेला शेतकरी, किंवा तुरुंगातून सुटून गावी तोंड न दाखवू शकणारा माणूस, यांच्यासाठी एक फोटो म्हणजे जागा सोडून पळण्याचे कारण ठरते.

आणि परत जायचे तर पत्ता लागतो. 'पुलाखाली', 'मेयोजवळ', 'बर्डीत' हे पत्ते नव्हेत. वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबांना क्रमांक आहेत. त्याहून चांगला पत्ता बेघराला मिळणार नाही. वहीत खांबाचा क्रमांक, रस्त्याची कोणती बाजू, आणि झोपताना डोके कुणीकडे, एवढे लिहावे. जिथे मेट्रो नाही तिथे विजेच्या खांबाचा क्रमांक किंवा शटरवरचे दुकानाचे नाव. टोपणनाव लिहावे, कारण बाकीचे लोक त्याच नावाने ओळखतात. गोंदण असेल तर ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे. हातावरचे नाव कोणत्या लिपीत आहे, यावरून राज्य कळते. आणि उद्या हाच माणूस मर्गमध्ये, म्हणजे पोलिसांच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीत, अनोळखी म्हणून नोंदला गेला तर ओळख पटवायला बहुतेकदा गोंदणच कामी येते. शेजारी झोपणाऱ्या दोघांची टोपणनावेही लिहावीत. माणूस जागेवर नसला की शोध त्यांच्यापासून सुरू करायचा. वही घरी कुलपात ठेवावी आणि त्यातले पान व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये.

मार्च २०२३ मध्ये सी-२० (जी-२० अंतर्गत नागरी संस्थांच्या) बैठकीच्या तोंडावर शहरात सार्वजनिक ठिकाणी भीक मागण्यावर बंदीचा आदेश निघाला होता. महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदाही अजून लागू आहे. आदेश निघाला की माणसे संपत नाहीत, हलतात. चौकातून गल्लीत, गल्लीतून रेल्वेलाइनच्या कडेला. क्षयरोगाची गोळी चालू असलेला माणूस हलला की गोळी तुटते. सौंदर्यीकरण करणाऱ्यांनी निदान दोन दिवस आधी फिरत्या पथकांना सांगितले तर औषधे सोबत देऊन पाठवता येईल.

जेवणाविषयी थोडक्यात. गुरुवारी साई मंदिराजवळ, मंगळवारी आणि चतुर्थीला टेकडी गणपतीजवळ, ताजबागला रोजच, अन्न मिळते. कमी पडते ते मधल्या वारी, मधल्या जागी, आणि ज्याला चालत जाता येत नाही त्याला. दात नसलेल्या म्हाताऱ्याला पुरी चावत नाही. पातळ खिचडी किंवा वरणभात द्यावा. प्लास्टिकच्या पिशवीत गरम भरलेला मसालेभात उन्हाळ्यात तीन-चार तासांत आंबतो आणि माणूस तो रात्रीसाठी राखून ठेवतो, म्हणून 'आत्ताच खा' हे सांगूनच द्यावा. बहुतेकांना जेवणाआधी पाणी हवे असते. बायका रात्री मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण शौचालय बंद असते आणि अंधारात दूर जाण्याची भीती. त्यातून लघवीची जळजळ आणि ताप. ज्या रस्त्यावर बायका झोपतात तिथले एक शौचालय रात्रभर उघडे ठेवणे हे दहा शिबिरांच्या बरोबरीचे काम आहे.

सोबतच्या पिशवीत काय असावे, तर हातमोजे, ५०० मिलिलिटर नॉर्मल सलाइन, गॉज, रुंद पट्टी, मायक्रोपोर टेप, बीटाडिन, थर्मामीटर, ग्लुकोमीटर, ओआरएसची दहा पाकिटे, सॅनिटरी पॅड, नव्या चड्ड्या, नखांची कटर, सात ते दहा नंबरच्या चपला. जुने कपडे ढिगाने येतात. नव्या चड्ड्या कुणी देत नाही. गोळ्यांत पॅरासिटामॉलपलीकडे काही ठेवू नये. अँटिबायोटिकचे दोन-दोन दिवसांचे डोस वाटत फिरणे हा सेवेचा प्रकार नाही.

पायाची जखम ही या कामातली सर्वांत चिवट गोष्ट. ती आधी सलाइनने धुवायची, मग पाहायची. मळाखाली काय आहे ते धुतल्याशिवाय कळत नाही. एक दिवसाआड पट्टी बदलली तर महिन्याभरात भरते, आठवड्यातून एकदा बदलली तर पाय जातो. म्हणून पट्टी करण्याआधी 'परवा कोण येणार' हे ठरवावे. जखमेत अळ्या असतील तर लोक पेट्रोल किंवा फिनाइल ओततात. त्याने अळ्या आणखी आत जातात आणि कातडी भाजते. रुग्णालयात टर्पेंटाइनचा बोळा ठेवून, अळ्या वर आल्या की चिमट्याने एकेक काढतात, आणि हे दोन-तीन दिवस करावे लागते. कान, नाक, टाळू यांच्या जवळ अळ्या असतील तर रस्त्यावर काहीच करू नये, तडक १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

खरूज हा दुसरा चिवट प्रकार. पर्मेथ्रिन ५ टक्के मलम मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीसुद्धा, रात्री लावून सकाळी धुवायचे आणि आठवड्याने पुन्हा. इथे चूक ठरलेली असते: एकालाच मलम दिले जाते. शेजारी झोपणाऱ्या सगळ्यांना त्याच रात्री लावले नाही तर पंधरा दिवसांत खाज परत. कपडे-चादरी धुवायला जागा नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस बाजूला ठेवाव्यात. माणसाच्या अंगाबाहेर किडा तेवढा जगत नाही. तोवर घालायला दुसरा जोड हवा, तो आधी जमवावा. दोन आठवड्यांवर खोकला असेल त्याची थुंकीची तपासणी फुकट होते. क्षयरोग निघाला तर निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात, पण बँकेच्या खात्यात. खाते नसते, म्हणून पैसे नसतात. गोळ्यांची पाने चहावाल्याकडे ठेवण्याची सोय मात्र उत्तम चालते. रोजचा चहा आणि रोजची गोळी एकाच ठिकाणी.

दारूविषयी एक गोष्ट ठळक छापावी. रोज पिणाऱ्या माणसाला उचलून निवाऱ्यात ठेवले आणि त्याची दारू एकदम तुटली तर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो भ्रमात जाऊन बडबडू लागतो. याला लोक 'वेड लागले' किंवा 'नाटक करतो' म्हणतात. हा जिवावरचा प्रसंग असतो. रुग्णालयात औषधांवरच दारू सोडवावी लागते. अशा उपाशी, पिणाऱ्या माणसाला शिबिरात 'ताकद येईल' म्हणून नुसते ग्लुकोजचे सलाइन चढवणेही धोक्याचे. आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यावे लागते. आणि थंडीत दारूने ऊब येते हा समज उलटा आहे. कातडीकडे रक्त येते म्हणून गरम वाटते, आतली उष्णता मात्र भराभर बाहेर जाते.

आता निवाऱ्याचे फाटक. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांप्रमाणे दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा कायमस्वरूपी निवारा हवा, माणशी किमान ५० चौरस फूट जागा हवी, आणि तो चोवीस तास, बारमाही चालायला हवा. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांवर होती. म्हणजे त्या हिशेबाने २,४०० जणांची सोय. निवाऱ्यात खाटा रिकाम्या असतात, लोकच येत नाहीत, असे उत्तर नेहमी मिळते. खाटा रिकाम्या असू शकतात. का, ते फाटकावर उभे राहिले की कळते. फाटक रात्री दहाला बंद होते. वाढपी रात्री एक वाजता येतो. नवरा एका हॉलमध्ये, बायको दुसऱ्या केंद्रात. भंगाराची चुंगडी आत आणू देत नाहीत, आणि त्या चुंगडीत त्याची दिवसाची कमाई असते. हातगाडीला जागा नाही. कुत्रे चालत नाही. आधार कार्ड मागतात. ढेकूण असतात. तोंडाला वास आला की परत पाठवतात. यातल्या प्रत्येक कारणाला एक लोखंडी कपाट, एक साखळी-कुलूप, एक रात्रपाळीचा माणूस किंवा एक फवारणी एवढेच उत्तर लागते. दारू प्यालेल्याला बाहेर ठेवण्याऐवजी फाटकाजवळ वेगळी खोली, जमिनीवर गाद्या आणि कुशीवर झोपवण्याची दक्षता पुरते. उताणा झोपला तर उलटी श्वासनलिकेत जाते.

निवाऱ्यापेक्षाही मोठी गळती रुग्णालयाच्या बाहेर पडण्याच्या दारात आहे. अपघातात पाय मोडलेला बेघर माणूस भरती होतो, त्याच्यावर शस्त्रक्रिया होते, ती चांगलीही होते. नंतर डिस्चार्ज. कागदावर लिहिलेले असते, 'सहा आठवडे पाय टेकवू नये, प्लास्टर कोरडे ठेवावे, पंधरा दिवसांनी ओपीडीत दाखवावे.' हा कागद घेऊन तो जुलैच्या पावसात फूटपाथवर येतो. प्लास्टर चौथ्या दिवशी भिजते, आत खाज सुटते, तो ते दगडाने फोडतो. पुढे जे होते त्याला आपण निष्काळजीपणा म्हणतो. म्हणून भरती करून परतू नये. केसपेपरवरचा नंबर वहीत उतरवून घ्यावा, 'अनोळखी' म्हणून नोंद झाली असेल तर तारीख आणि वॉर्डही. दुसऱ्याच दिवशी वॉर्डच्या सिस्टरला आणि रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटून आपला फोन नंबर केसपेपरच्या आतल्या बाजूला लिहून द्यावा: 'डिस्चार्जच्या आदल्या दिवशी कळवावे.' बहुतेक सिस्टर कळवतात, कारण त्यांनाही हा माणूस कुठे सोडायचा ते कळत नसते. महानगरपालिकेने एका निवाऱ्यात दहा खाटा फक्त अशा डिस्चार्ज झालेल्यांसाठी राखाव्यात, तळमजल्यावर, कमोडसह, आणि एक दिवसाआड पट्टी करणारी परिचारिका द्यावी. दहा खाटांनी रुग्णालयाचे किती पलंग मोकळे होतील, हे एखाद्या हाडांच्या वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारावे.

आता मनोरुग्ण. नागपूर हे दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा या रेल्वेमार्गांच्या फुलीवर आहे. त्यामुळे भरकटत गाडीत बसलेला माणूस इथे उतरतो किंवा उतरवला जातो; तो तेलुगू, बंगाली, ओडिया, तमिळ काहीही बोलत असू शकतो. आपल्याला कळत नाही म्हणून त्याचे बोलणे 'असंबद्ध' ठरते. आधी भाषा ओळखावी. हातात कागद-पेन द्यावे. कितीही अस्वस्थ माणूस असला तरी अनेकदा स्वतःचे नाव आपल्या लिपीत लिहितो. मग त्या भाषेच्या माणसाशी फोनवर बोलणे करून द्यावे. 'घर कुठे' हा प्रश्न निकामी. शाळेचे नाव काय, आठवडी बाजार कोणत्या वारी, नदी कोणती, गाडीत बसताना स्टेशन कोणते होते, असे विचारावे. दोन नावे जुळली की त्या भागातल्या पोलीस ठाण्याला फोन करता येतो. डॉ. भरत वटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्याच्या कामासाठीच. घरी पोचवणे हा मात्र शेवट नसतो. सोबत दिलेली महिन्याची औषधे संपली आणि तालुक्याला ती मिळाली नाहीत तर माणूस पुन्हा गाडीत बसतो. सोडतानाच जवळच्या जिल्हा रुग्णालयाचा ओपीडीचा वार चिठ्ठीवर लिहून द्यावा.

कायदा इथे आपल्या बाजूचा आहे, पण ठाण्यावर तो आपल्यालाच सांगावा लागतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १००. आपल्या हद्दीत भटकणारी, मानसिक आजारी वाटणारी आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती दिसली तर तिला संरक्षणात घेणे, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला नेणे, हे ठाण्याच्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून नातेवाइकांचा शोध घेणे हेही पोलिसांकडेच. तरी 'आधी कोर्टाचा आदेश आणा' हे वाक्य अजून ऐकू येते. ती जुन्या कायद्याची सवय आहे. म्हणून तोंडी सांगू नये. अर्ज दोन प्रतींत लिहावा, एकीवर पोच घ्यावी. त्यात 'वेडा', 'स्किझोफ्रेनिया' असे शब्द लिहू नयेत, जे दिसले तेच लिहावे: तीन दिवस काही खाल्ले नाही, अंगावर कपडे ठेवत नाही, धावत्या गाड्यांत शिरतो, डोक्याला उघडी जखम आहे. जागा, वेळ, खांबाचा क्रमांक आणि कलम. स्टेशनच्या आवारात लोहमार्ग पोलीस, बाहेर शहर पोलीस. माणूस फाटकातच बसला असेल तर हद्दीचा वाद दोन तास खातो. तेव्हा ११२ वर फोन करून आलेल्या गाडीच्या अंमलदारालाच अर्ज द्यावा.

भरतीच्या वेळी 'नातेवाईक कोण' हा प्रश्न येतो आणि तिथे बरेच जण मागे फिरतात. गरज नाही. याच कायद्याच्या कलम १४ नुसार नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने उपचारांच्या निर्णयात साथ देणारी व्यक्ती) कुणी नसेल तर समाजकल्याण खात्याचे संचालक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी ती जागा घेतो, आणि मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या व्यक्तीला तात्पुरती ती जबाबदारी घेता येते. संस्थेचे नोंदणीपत्र आणि लेटरहेडची प्रत पिशवीत ठेवावी. रात्री अकराला ती शोधायला कार्यालय उघडे नसते. फोनवर सल्ला हवा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही. मूल एकटे दिसले तर १०९८. त्याला चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते, कुणी भला माणूस घरी नेतो म्हणाला तरी द्यायचे नाही. बाईसाठी १८१, वृद्धांसाठी १४५६७.

कागदपत्रांत घाई करू नये, आणि क्रम चुकवू नये. ज्याचे आधार हरवले आहे त्याची नवी नोंदणी करू नये. ती दुहेरी म्हणून फेटाळली जाते आणि तीन महिने वाया जातात. आधार केंद्रावर बोटांच्या ठशावरून जुना क्रमांक निघतो. हमाली, गट्टू, भंगार करणाऱ्यांची बोटे झिजलेली असतात, ठसा जुळत नाही. डोळ्यांच्या बुबुळावरून घ्यायला सांगावे. कधीच नोंदणी झाली नसेल तर मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र चालते. मतदार यादीत नाव घालायला तर पत्त्याचा कागदच लागत नाही: अर्ज ६ मध्ये झोपण्याची जागा लिहायची, मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकाहून अधिक रात्री तिथे येऊन माणूस खरेच झोपतो का ते पाहतो. पुन्हा खांबाचाच क्रमांक कामी येतो. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळवायला मात्र महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहिल्याचा पुरावा लागतो, आणि रस्त्यावर काढलेल्या पंधरा वर्षांची पावती कुणाकडे नसते. जुन्या शाळेचा दाखला, एखादा जुना केसपेपर, तुरुंगातून सुटल्याचा कागदसुद्धा तारखेसाठी उपयोगी पडतो. म्हणून माणसाजवळचा कोणताही चुरगळलेला कागद फेकू नये. प्लास्टिकच्या झिप पिशवीत घालून द्यावा.

हे सगळे थंडीपुरते नाही. २३ मे २०१३ ला शहरात ४७.९ अंश तापमान होते. उन्हाळ्यात फेरी दुपारी एक ते चार. घाम थांबलेला, अंग तापलेले आणि बोलणे भरकटलेले, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर सावलीत ओढा, दुपट्टा भिजवून मानेवर, काखेत, जांघेत ठेवा, वारा घाला, १०८ बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. पावसाळ्यात नाग नदीच्या पुलांखालची माणसे आधी हलवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाणी किती वेगाने चढले, हे शहराने पाहिले आहे, आणि ते झोपेच्या वेळी चढले.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. आपण रोज पहिल्या पानावर किमान तापमानाची चौकट देता. त्याच चौकटीखाली चार ओळी द्याव्यात: निवारा केंद्रांचे पत्ते, बायकांसाठी आणि कुटुंबांसाठी कोणते, फाटक किती वाजेपर्यंत उघडे, आणि त्या रात्री किती खाटा रिकाम्या. बेघर माणूस ती वाचेल असे नाही. पण चहावाला वाचतो, एटीएमचा गार्ड वाचतो, रात्रीचा ऑटोवाला वाचतो, आणि रात्री अकरानंतर बेघरांना भेटणारी माणसे हीच. रिकाम्या खाटांचा आकडा महानगरपालिकेच्या कंट्रोल रूमने संध्याकाळी सहापर्यंत आपल्या वार्ताहराला कळवायचा, एवढेच ठरवावे लागेल. आकडा आला नाही तर त्या ओळीत 'आकडा मिळाला नाही' असे छापावे, तारखेसह.

आपले,
रात्रीच्या फेरीतले काही नागपूरकर